बाळंतविड्याचा कडता

मस्कतला लेक विजयमाला बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं राहून गेलं, निदान बाळंतविडा तरी पोचवावा म्हणून रंगूबाई आणि हंबीरराव विमानानं निघाले. जावयानं बजावून कळवलं होतं, दोघांचं मिळून चाळीस किलोच सामान.

पण पलूसला त्यांच्या गल्लीला हे कोण सांगणार? शालूबाईंनी डिंकाचे लाडू आणले, तानुबाईंनी खारीक-खोबरं, भामाबाईंनी तुपाची किटली आणि वर वाकळ. बाळंतिणीसाठी आलेलं परत कसं धाडायचं?

हंबीरराव ट्रंका बांधून बांधून दमले. "अगं, परवा कीर्तनात बुवा काय म्हणाले? जीवानं जाताना संगं काय न्यायचं नसतं."

"आवं, ते कायमचं जाणाऱ्याला. आपल्याला परत यायचं हाय."

बुवांच्या निरूपणाला एवढं रोकडं उत्तर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ट्रंका सांगलीला हळदीच्या अडतीवर नेऊन तोलल्या. गुंडा हमालानं ललकारी दिली, "चाळीस!" हंबीररावांनी विठ्ठलाला हात जोडले.

मुंबईत विमानतळाच्या काट्यानं चव्वेचाळीस दाखवलं.

"कडता काढा की, सायेब," हंबीरराव काट्यावरच्या माणसाला म्हणाले.

"काय काढू?"

"आवं, आमच्या अडतीवर बारदानापायी थोडं कमी धरत्यात. हमाल तसंच वजन पुकारतो..." बोलता बोलता हंबीररावांचं तोंड उतरलं. गुंडानं सवयीनं कडता आधीच सोडला होता.

"चार किलो उतरवा, आजोबा. मागं रांग आहे."

रंगूबाईंनी ट्रंक उघडली. लाडवांना हात लावला की शालूबाई दिसत, किटलीला लावला की भामाबाई. "कुणाचं काढू? गावात तोंड कसं दावू?"

"काढ कुणाचं तरी. माझे पाय भरून आले."

रंगूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग त्यांची धोतरं निघाली, घोंगडं निघालं, नव्या वहाणा निघाल्या. शेवटी भजनाचे टाळ.

"टाळ तरी ऱ्हाऊ दे गं!"

"लेकीच्या तोंडात लाडू घालू का टाळ?"

पोचवायला आलेला भाचा सगळं घेऊन परत गेला. मस्कतमध्ये हंबीरराव दोन महिने जावयाच्या पायजम्यात वावरले आणि हातांनीच टाळ्या वाजवत हरिपाठ म्हणत राहिले. लेक मात्र लाडू खाऊन चांगली टवटवीत झाली.

निघताना विजयमाला म्हणाली, "आई, गल्लीतल्यांची भांडी रिकामी कशी न्यायची?" प्रत्येक डबा तिनं खजुरानं गच्च भरला.

मस्कतच्या काट्यावरचा माणूस जास्तीचं वजन बघून मान हलवू लागला. हंबीरराव निर्धास्त होते. या खेपेला ट्रंकेत त्यांचं काहीच नव्हतं. अंगावर जावयानं दिलेला कोट तेवढा होता.

रंगूबाई त्याचे खिसे मोजू लागल्या.