उलटा गडगा

आमच्या शेजारचे आपा कुणाकडेही गेले की आधी घराला एक फेरी मारतात, मगच उंबऱ्यावर पाय ठेवतात. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेलेली. चिऱ्यांचा गडगा, म्हणजे हद्दीची भिंत, जरा वाकडी दिसली की त्यांना चहा गोड लागत नाही. "आदी हद्द बघ, मगे घर," हे त्यांचं ब्रीद. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही म्हणे परसातूनच शिरले होते. मला ते खरंच वाटतं, कारण पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली टेप मी धरली आहे.

गेल्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास रक्ताच्या कॅन्सरने गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी मग आपांचंही रक्त तपासलं. मी त्यांना कणकवली स्टेशनवर आणायला गेलो, तर बाकावर बसून गृहस्थांनी तिकिटाच्या पाठी नकाशाच काढला.

"ह्यो जीन. ह्येच्यात बिघाड नाय. पण बाजूचो डीएनएचो तुकडो उलटो बसलेलो आसा. घर शाबूत, गडगो उलटो. म्हणान जीन नको तेवा जागो होता. आनी ह्यो गडगो पिढीजात. माज्याकडसून तेका गेलो."

मग पेन्सिल खिशात घालून त्यांनी विचारलं, रिक्षा कुठे आहे.

असा तुकडा असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असं नाही, पण भावकीने तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपा घरोघर हिंडले. अडलं ते चुलतभाऊ बाबलपाशी. गडग्यावरून दोघांत पंधरा वर्षं अबोला होता. मोजणीत जिंकले होते आपा. आता बाबलच्या नातीचा ताप हटत नव्हता, आणि आपा गडग्याअलीकडून ओरडून तिचं रक्त तपासायला सांगत होते.

"जमीन घेतलंस, आता रगतातय वाटो व्हयो?" बाबल म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपा पहार घेऊन गडग्यावर. मी धावत गेलो. वरचा चिरा काढून त्यांनी बाबलच्या अंगणात ठेवला.

"बाबल, मोजणीत माजी चूक झाली. दोन हात जमीन तुजी. पण चेडवाचा रगात तपास."

बाबलने चिऱ्याकडे बघितलं. मग आत तोंड करून म्हणाला, "गो, च्याय ठेव."

आपा फेरी न मारता सरळ घरात गेले.

त्या मोजणीत टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. बोटभराचीही चूक नव्हती. मी उरलेले चिरे काढायला घेतले.