चेअरमनसाहेबांचा बांगडा

मराठवाड्याला दर्यावर्दी परंपरा आहे. ती आमच्या अंबादासअण्णांपासून सुरू होते आणि सध्या त्यांच्यापाशीच थांबलेली आहे.

थंडीच्या दिवसांत मांजरसुंब्याच्या चौकात नारिंगी लाइफ जॅकेट घालून मोटारसायकल चालवणारे गृहस्थ दिसले, तर ते आमच्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे चेअरमन समजावेत. पाऊस बरा होता त्या वर्षी संस्थेला सहा जॅकेटं मिळाली. मग तलाव आटला आणि जॅकेटं थंडीच्या कामाला आली.

तलाव कोरडा पडल्याला हे तिसरं वर्ष. निम्मे सभासद ऊसतोडीला गेलेत. संस्था मात्र चालू आहे. दर महिन्याला बैठक होते, आणि ती तलावाच्या ऐन मध्यभागी, तळात उगवलेल्या वेड्या बाभळीखाली होते, कारण कार्यक्षेत्राबाहेर बैठक घेणं अण्णांना मान्य नाही. मी शाळामास्तर. अक्षर बरं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. बैठकीत कुत्रं येऊन बसलं तरी अण्णा म्हणतात, ‘गुरुजी, ठरावात घ्या.’

अण्णांची मुलगी रेखा बीडला नर्सिंग शिकली आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जपानला गेली. तालुक्यातून जपानला गेलेली ती पहिली, असं अण्णा सांगतात. मी पडताळलेलं नाही. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि अण्णांचा प्रश्न ठरलेला असतो.

‘आज काय खाल्लंस?’

‘मीठ लावून भाजलेला मासा, अण्णा. भात आन मुळ्याचा कीस. लई छान असतं.’

‘आन मसाला?’

‘इथं न्हाई घालत.’

एका रविवारी बोलता बोलता तिनं केस सावरायला हात वर केला, तर घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरलं. अण्णांनी ते पाहिलं. कॉल संपल्यावर मला म्हणाले, ‘गुरुजी, पोरगी मजेत हाय का अर्धपोटी हाय, फोनवर कळत न्हाई. ती खाती तेच खाऊन बघावं लागंल.’

मी म्हटलं, बीडच्या बाजारात मासा मिळतो.

‘तो तळ्याचा. ती समुद्राचा खाती. आन मच्छीमार संस्थेच्या चेअरमननं मासा इकत आणायचा?’

कोकणातल्या एका संस्थेला आमच्या लेटरहेडवर पत्र गेलं : ‘अभ्यास दौरा करण्याचे योजिले आहे, तरी समुद्र दाखवावा.’ उत्तर आलं : ‘समुद्र रोज असतो. कधीही या.’

तीन एसट्या बदलून आम्ही पोचलो. अण्णांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. किनाऱ्यावर उभे राहून त्यांनी बराच वेळ पाणी पाहिलं. मग म्हणाले, ‘भरलाय की.’

तिथल्या संस्थेची होडी सुटली. किनारा लांब गेल्यावर होडी हाकणाऱ्या तांडेलानं समुद्रातून बादली भरली आणि फळ्या धुवायला भसकन ओतली. अण्णा उठून उभेच राहिले.

‘अहो, पाणी! किती सांडताय! चार भांडी निघाली असती त्यात.’

तांडेलानं आधी समुद्राकडे पाहिलं, मग अण्णांकडे. ‘काका, खारं आहे ते.’

‘आसंना का खारं. पाणी हाय न्हवं?’

पुढची बादली तांडेलानं अर्धीच भरली. मला तो माणूस आवडला.

तासाभरात अण्णांनी सकाळचा चहा समुद्राला परत केला. पाठोपाठ पोहेही. तांडेल म्हणाला, ‘फिरवू का होडी?’ अण्णांनी तोंड पुसलं. ‘मासा घेतल्याबिगर न्हाई.’ मग त्यांच्या हातात गळाची दोरी आली. पहिला मासा त्यांनी इतक्या जोरात ओढला की तो होडीच्या या बाजूनं आला आणि त्या बाजूनं गेला. दुसऱ्या वेळी मात्र चकचकीत बांगडा फळीवर येऊन आपटला.

‘आला बघा सभासद!’ अण्णा ओरडले आणि सत्काराचा नारळ धरावा तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. दुपारपर्यंत आणखी एक मिळाला.

मला थाटामाटाचं कौतुक नाही. पण तीन वर्षं कोरड्या तलावाचं अध्यक्षपद सांभाळणाऱ्या या माणसानं, ओकाऱ्या काढत का होईना, स्वतःच्या हातानं मासा धरला होता. संस्थेच्या उद्दिष्टांत पहिलं कलम तेच आहे. मला अभिमान वाटला.

बर्फाच्या खोक्यातून बांगडे दुसऱ्या दिवशी गावात आले. अंगणात निखारे फुलवले होते. गावात उरलेले नऊ सभासद हजर होते. तांब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि त्यातून रेखा सांगत होती. ‘अण्णा, मीठ उंचावरनं भुरभुरा, म्हंजी सारखं पडतं. शेपटीला जरा जास्त लावा, न्हाईतर जळती. आन सारखं उलथू नका, एकदाच.’ चेअरमन मान खाली घालून ऐकत होते. बैठकीत त्यांनी असं कोणाचंच ऐकलेलं नाही.

बबन नावाच्या सभासदाला राहवेना. ‘अण्णा, मसाला कावून न्हाई? हे तर ताप आलेल्या माणसाचं जेवण हाय.’

‘गप बे. जपान बघतंय.’

दारात वहिनी मसाल्याचा डबा घेऊन उभ्या होत्या. ‘चिमूटभर टाकू का?’

‘न्हाई.’

एक बांगडा सभासदांत वाटला. दुसरा अण्णांनी तपासणीसाठी स्वतःच्या ताटात घेतला, शेजारी भात आणि मुळ्याचा कीस. पहिला घास तोंडात गेला. मी शेजारीच होतो, म्हणून सांगतो, तो गिळताना अण्णांनी डोळे मिटले.

‘अण्णा, कसं लागतंय?’ फोनमधून रेखानं विचारलं.

नऊही सभासदांनी माना अण्णांकडे वळवल्या.

‘लई झकास,’ अण्णा म्हणाले. ‘भात वाढा.’

डोक्यासकट सगळा बांगडा त्यांनी संपवला. काटे ओळीनं मांडले आणि ताट फोनसमोर धरलं. ‘बघ. कायबी ठेवलं न्हाई. तुजं जेवण बेस हाय, बाई. मी उगाच काळजी करत होतो.’

रेखा हसली. मग तिनं फोन वर वळवला आणि बराच वेळ आम्हाला जपानमधली एक ट्यूबलाइट दिसत राहिली.

अण्णा हात धुऊन उठले, जपान हा थोर देश आहे यावर पाच मिनिटं बोलले आणि मला म्हणाले, ‘ठरावात घ्या : पद्धत तपासली, उत्तम आढळली.’ अनुमोदन द्यायला नऊपैकी एकही सभासद तयार होईना. शेवटी सभासद नसताना वहिनींनी दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. अण्णा मला मागं बसवून बीडच्या मोठ्या पोस्टात घेऊन गेले. माझ्या मांडीवर जपानचा पत्ता लिहिलेला, कापडात शिवलेला खोका होता. वर संस्थेचा गोल शिक्का.

‘आत काय आहे?’ क्लार्कनं विचारलं.

‘अभ्यास दौऱ्याचा अहवाल,’ अण्णा म्हणाले.

क्लार्कनं खोका उघडायला लावला. आत साडेतीन किलो काळा मसाला होता.