इंगळे मास्तरांची विजेची शेगडी

लग्नाच्या मांडवात शिरलेला माणूस आधी नवरा-नवरीकडे पाहतो, निदान पंगत कुठे बसली आहे ते तरी पाहतो. आमचे इंगळे मास्तर दिवे मोजायचे. मान वर करून, पुटपुटत मांडवभर फिरायचे आणि मुलीच्या बापाला गाठून विचारायचे, "विजेचा लोड किती घेतला?" तो बिचारा हात जोडून म्हणायचा, "मास्तर, जेऊन घ्या."

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांची-आमची भिंतीला भिंत होती. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. विजेशी पोटाचा काही संबंध नाही. पण आमच्या गल्लीत दिवे आले आणि मास्तरांना वेड लागलं ते लागलंच. जुनीपुराणी पुस्तकं आणून ते वॅट-व्होल्ट शिकले. कुणी पंखा घ्यायचं नुसतं मनात आणलं तरी हे दारात हजर. "आदी लोड सांगा, मंग बोला!"

या वेडाला मुक्काम मिळाला तो शांताकाकूंमुळे. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांच्या हातची पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी खाल्लेला माणूस जन्मभर दुसरीला नावं ठेवायचा. एका संक्रांतीला चुलीवर त्यांचा पदर पेटला. हात भाजला, तो बराही झाला; पण मनातला जाळ काही विझेना. काडी ओढल्याचा आवाज आला तरी काकू अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. तेव्हापासून स्वयंपाक मास्तर करायचे. वरणात मीठ तरी नसायचं, नाहीतर मीठच असायचं. काकू एक शब्द न बोलता जेवायच्या, आणि ते न बोलणंच मास्तरांना खायचं.

मग त्यांनी विजेच्या शेगडीबद्दल वाचलं. जाळ नाही, धूर नाही. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसून मला हिशेब समजावू लागले.

"शेगडी दोन हजार वॅटची. भागा दोनशे तीसनं. म्हंजे नऊ अँपिअरच्या आसपास. अन् आपली दिव्याची लाइन हाये पाचाची. बकरी नांगराले जुंपल्यासारखं होईन, भाऊ!"

बरं, नुसता स्वतःच्या घराचा हिशेब करून थांबतील तर ते मास्तर कसले? साऱ्या गल्लीला वीज एकाच खांबावरून यायची. "आपन शेगडी लावली अन् कोन्या पोराच्या अभ्यासाचा दिवा मंदावला, तं ते पाप कोनाचं?" असं म्हणून ते घरोघर दिवे विचारत हिंडले. समोरच्या देशमुखीणबाईंना वाटलं, रेडिओचं लायसन तपासणारा सरकारी माणूस आला. त्यांनी रेडिओ गोधडीत गुंडाळला आणि वर सासऱ्यांना निजवलं.

वीज कंपनीचे साहेब पुण्याकडचे होते. ते म्हणाले, "मास्तर, घरात माणसं दोन. एवढी जाड लाइन कशाला? गिरणी घालताय का?"

"साहेब, तिच्यासाठी चूल मांडून राहिलो. तुमी तार द्या, हिसाब मी देतो."

साहेबांनी हिशेब तपासला. तो चोख होता. लाइन मिळाली.

मग चुकार वीज माणसात न जाता जमिनीत जावी म्हणून अंगणात अर्थिंगचा खड्डा खणला. तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ. खड्डा ओला राहावा म्हणून मास्तर रोज सकाळी अंघोळ करून उघड्या अंगाने त्यात तांब्याभर पाणी ओतायचे. अकोल्याचा उन्हाळा, नळाला धार नाही, आणि मास्तर जमिनीला पाणी पाजतात! "बह्याड झाला मास्तर," असं चार दिवस म्हणून झालं. पाचव्या दिवशी बायकांनी ठरवलं की खड्ड्यात नक्की काही तरी देवाचं आहे. खड्ड्यावर हळदकुंकू दिसू लागलं. मास्तर चिडतील असं मला वाटलं होतं, ते फक्त म्हणाले, "बाई, फुलं नोका वाहू. पानी टाका, गंज पानी टाका, घागरी भरभरून."

अखेर शेगडी आली. गल्ली गोळा झाली. मास्तरांनी बटण दाबलं, आणि शेगडीतली उघडी तार लालभडक झाली. काकूंनी ती पाहिली मात्र, मागच्या दाराने अंगणात गेल्या. लोक गुपचूप पांगले. इतका पडलेला चेहरा मी मास्तरांचा कधी पाहिला नाही. मला फार वाईट वाटलं.

आठवड्याने झाकलेल्या लोखंडी तव्याची शेगडी आली. लोड नवा, म्हणून हिशेबही पहिल्यापासून. या शेगडीत लाल काहीच दिसत नव्हतं. काकूंनी लांबूनच पातेलं ठेवलं. पाण्याला आधण आलं तेव्हा त्या रडत होत्या आणि मास्तर उगाचच मीटरकडे पाहत होते.

पुढे काही दिवसांनी सकाळी मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो. मास्तर स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर अनवाणी उभे होते. शेगडी नुकतीच सुरू केलेली, अजून तापली नव्हती. मास्तरांनी आपला ओला तळहात तिच्या लोखंडी अंगावर दाबून धरला होता.

मी ओरडलोच, "मास्तर, शॉक बसेल!"

"हळू बोल. तिले मालूम नाई."

"पण तुमचा हिशेब तर पक्का आहे ना?"

"पक्काच हाये भाऊ," मास्तर म्हणाले. "पन आता तिचा हात लागन इथं. हिसाबात चूक असन तं आदी मले कळू दे."

मग त्यांनी हात धोतराला पुसला, दोन पावलं बाजूला झाले आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "अवं, ये आता."

काकू पदर खोचत आत आल्या.