पाळकसाहेब लाइव्ह येतात

बिशपसाहेबांशी बोलून पाळकसाहेबांनी फोन ठेवला, तेव्हा त्यांचा चहा पार निवून गेला होता. बोलणं तसं गोड होतं, पण गोड बोलूनही माणसाचा गळा कापता येतो. तुमच्याकडची बाकं रिकामी असतात असं कानावर आलंय, लवकरच एका रविवारी स्वतः येऊन बघतो, आणि खरंच तसं असेल तर तुमची मंडळी मोठ्या चर्चमध्ये सामील करू, तुम्हाला कार्यालयात छानसं टेबल देऊ, असा एकूण मतलब. आता उभा जन्म पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या त्या उंच चौथऱ्यावर, काढलेल्या माणसाला टेबल घेऊन काय करायचंय? प्रवचन म्हणजे पाळकसाहेबांचा जीव की प्राण. एखादं वचन ते कांद्यासारखं सोलत बसायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, संपलं एकदाचं, की आतून आणखी एक पापुद्रा निघायचा.

"लोक आता फोनमध्येच राहतात," पाळकबाई म्हणाल्या. "तुम्हीही तिथेच जा. बाकीची चर्चं केव्हाच लाइव्ह गेली."

मंडळीत फोनचं ज्ञान फक्त ऑर्गनवाल्या मावशींना होतं, कारण त्या परदेशातल्या लेकीशी रोज तोंड बघून बोलायच्या. त्यांनी इंटरनेटवर चर्चच्या नावाचं पान उघडलं. रविवारी स्वतःचा फोन पुलपिटावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, पाळकसाहेबांचा चेहरा नीट दिसतोय ना ते पाहिलं, बटण दाबलं आणि त्या आपल्या ऑर्गनवर जाऊन बसल्या.

आणि इथेच माशी शिंकली. पाळकसाहेब पुलपिटावर चढले, बघतात तर समोर त्यांचंच तोंड. देवाच्या वचनावर बोलायचं आणि नजर स्वतःच्या थोबाडावर ठेवायची? हा तर निव्वळ गर्व, आणि गर्वाबद्दल तर ते लोकांना वर्षानुवर्षं बजावत आलेले. कोपऱ्यात गोल फिरणाऱ्या बाणांचं एक चिन्ह दिसलं, ते त्यांनी हळूच दाबलं. तोंड गेलं आणि बाकं दिसायला लागली. बाकं काय, तशीही समोर होतीच. पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि सुरुवात केली.

झालं असं, की जगाला पाळकसाहेब दिसलेच नाहीत. त्यांचा नुसता संथ आवाज ऐकू आला आणि दिसली ती मंडळी. आधी मंडळीच्या सचिवांची मान पुढे कलंडली. मग निवृत्त हेडमास्तरांनी आ वासला. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपल्या. गायनमंडळी एका टोकापासून ओळीने गळत गेली. शेवटी मावशींचा कोपर पट्ट्यांवर पडला, ऑर्गनमधून एक लांबलचक सूर निघाला, आणि एकही माणूस हलला नाही. पाळकसाहेबांना वाटलं, मावशी साथ देताहेत. त्यांनी आवाज आणखी मऊ केला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ हजारोंनी पाहिला. पाळकसाहेब हरखले, पाळकबाईंना शेजारी बसवून त्यांनी तो लावला, आणि स्वतःचं प्रवचन चालू असताना मंडळी काय करते हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्यांना फार लागलं ते. रात्री ते जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात दारात. हेडमास्तरांचं म्हणणं, ते झोपले नव्हते, चिंतन करत होते. जावांची तक्रार झोपेबद्दल नव्हतीच, आता सगळं जग आमचं पटतं असं समजेल, ही होती. व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढा म्हणावं, तर चावी मावशींच्या हातात, आणि मावशी शरमेने फोन बंद करून, कडी लावून घरात बसलेल्या. लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच त्यांनी खिडकीतून सांगितलं. मंडळी पाय आपटत गेली आणि येत्या रविवारी चर्चची पायरी चढणार नाही म्हणाली. त्यात दुष्काळात तेरावा महिना तसा बिशपसाहेबांचा निरोप आला, की याच रविवारी येतो.

पाळकबाई मात्र व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं वाचत होत्या. रात्रपाळीच्या एका नर्सने लिहिलं होतं, की तिच्या वडिलांना कित्येक महिन्यांनी झोप लागली, हे साहेब पुन्हा कधी बोलणार?

"टोमणा मारतेय," पाळकसाहेब म्हणाले.

"असले टोमणे पुष्कळ आलेत," असं म्हणून पाळकबाईंनी प्रत्येकाखाली चर्चचा पत्ता आणि उपासनेची वेळ लिहून टाकली.

पाळकसाहेबांनी त्या आठवड्यात एक गडगडाटी प्रवचन तयार केलं. जेवणाच्या टेबलावर मुठी आपटून तालीम केली. एकाचाही डोळा लागता कामा नये.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अनोळखी ट्रकवाले, नर्स आणि तिचे थकलेले वडील, तान्ह्या बाळाला घेऊन आलेलं एक तरुण जोडपं, दोघांचेही डोळे जागरणाने लालभडक. काहींच्या काखेत चक्क उशा. आपल्या जागेवर कोण बसतंय ते बघायला रुसलेली मंडळीही झाडून आलेली. आणि पहिल्या बाकावर बिशपसाहेब.

पाळकसाहेबांनी पहिलंच वाक्य गरजून म्हटलं आणि पुलपिटावर मूठ हाणली. बाळाने भोकाड पसरलं. नर्सचे वडील दचकून उठले आणि हिरमुसून त्यांच्याकडे बघत राहिले.

"साहेब," बाळाची आई काकुळतीला येऊन म्हणाली, "त्या दिवशीसारखं बोला ना."

पाळकसाहेब थबकले. त्या दिवशीसारखं बोललं, की बिशपसाहेबांच्या डोळ्यांदेखत सगळे झोपणार आणि आपलं टेबल पक्कं. पण त्या पोरीचे डोळे त्यांच्याने बघवेनात. जे व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश वचन सोलायला घेतलं.

'आमेन' म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर साथीला 'आमेन' म्हणायला कोणीच नव्हतं. बाळ, आई, ट्रकवाले, सगळे शांत झोपलेले. बिशपसाहेबांचं डोकं सचिवांच्या खांद्यावर. पाळकसाहेबांनी कोणाला उठवलं नाही. ते पायरीवर बसून राहिले, आणि का कोण जाणे, त्यांना मनापासून बरं वाटलं.

हळूहळू एकेक जण जागा झाला. नर्सच्या वडिलांनी जाताना त्यांचा हात कितीतरी वेळ धरून ठेवला. बिशपसाहेब सगळ्यांत शेवटी उठले. रुमालाने तोंड पुसून त्यांनी घसा साफ केला.

"मंडळी इथेच राहील, आणि तुम्हीही," ते म्हणाले. "फक्त एक अट आहे. प्रवचनात सुधारणा करायची नाही."

ते गेल्यावर पाळकसाहेब बराच वेळ घुटमळले. पाळकबाई बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करत होत्या.

"अगं, पण तुला कसं वाटलं आजचं प्रवचन?"

"शेवट फार छान होता," पाळकबाई म्हणाल्या.

"आणि त्याच्या आधीचं?"

पाळकबाईंनी गालावर उमटलेला बाकाचा वळ चोळला आणि त्या पुढच्या रांगेतली पुस्तकं उचलायला गेल्या.