आधी चपला बुडवा

आमच्या बेला गावात गिरदावर काकांकडे चहा प्याचा असन, तर पयले चपला बुडवा लागते. दारातच ब्लीचिंग पावडरच्या पान्याचं घमेलं ठेवलं हाय! मी शेजारची, रोज जाते; माह्या गुलाबी चपला पांढऱ्या झाल्या. एका पुढाऱ्याचे चामड्याचे बूट बी बुडवले काकानं. तवापासून त्यायच्या दारी मत मागाले कोनी येत नाई.

काऊन? बेडकांसाठी! थांबा, सांगते.

गिरदावर म्हनजे तलाठ्याचा साहेब. काका रिटायर झाले, पन हुकूम सोडनं नाई झालं. काकू गेल्या. पोरगा राहुल हैदराबादले. अंगनातल्या हौदात बेडकं राह्यते, त्यायले काका म्हनते, "माही रयत." राहुल तिकडं पाळीव प्रान्यायच्या दुकानात विदेशी रंगीत बेडकं इकते. त्यानंच एकदा फोनवर सांगतलं, बेडकायच्या कातडीले एक बुरशी लागते, बेडूक कातडीतून बी श्वास घेते, म्हनून मरते; अन् हे बुरशी इकाऊ बेडकायसंगं, बुटाच्या चिखलासंगं देशोदेशी फिरते. पोरगं सांगून इसरलं. काकानं घमेलं भरलं.

मी म्हनलं, "काका, आपल्या इथं त एक बी बेडूक मेला नाई."

"मंग? पयले मरू द्याचा, मंग पंचनामा कराचा? हद्द म्हनजे हद्द!"

औंदा पाऊस लांबला तवा पोट्टे धोंडी घेऊन आले. मुसळाले कडुनिंबाचा पाला, पाल्यात बांधलेला बेडूक, वरून पानी ओताचं, पाऊस मागाचा. काकानं लोटा हातातच धरला.

"बेडूक कोन्या शिवारातला?"

"मावल्याचा, आजोबा. मामानं त्याच्या गावातून आनला."

"अन् बेल्यात बिनपरवाना फिरवून राह्यले?"

झालं! मुसळ धुतलं, पोट्ट्यायचे हात धुतले, बेडूक डब्यात ओल्या फडक्यावर बसवला अन् काका मोटारसायकलनं मावल्याच्या तळ्यात सोडून आले. त्या दिवशी पाऊस मावल्यात पडला. बेल्यात थेंब नाई. गाव अजून काकाशी नीट बोलत नाई.

अन् परवा राहुल आला! लई दिवसानं. पाठीवर बॅग, हातात खोका, खोक्यात लालभडक बेडूक.

"बाबा, तुमच्यासाठी आनला. तुमाले आवडते ना."

फाटकाची कडी काकाच्या हातात होती. तशीच राह्यली.

"तू बूट बुडव अन् ये. हा नाई येनार."

"याले एकट्याले बाहेर ठेवू? कुत्रे खातीन. मंग मी बी जातो."

काका आत गेले. राहुलनं बॅगचे पट्टे आवळले. मी म्हनलं, गेला आता हा, परत नाई येत!

तेवढ्यात खाट आली. काका सोताच ओढून राह्यले. फाटकाबाहेर निंबाखाली टाकली. मंग भाकरी, वांग्याची भाजी, दोन थाळ्या. एकीवर राहुलचं नाव कोरलेलं. थाळी अशी चकचकीत जशी काका रोज घासते.

"काका, हद्द?" मी इचारलं.

"सरकवली."

राहुल जेवाले बसला. काकानं खोक्यावर ओला फडका टाकला, वाकले अन् हळूच म्हनले, "कोन्या शिवारातला रे तू? लई लांब आनलं बाप्पा तुले."

राहुलचा घास हातातच राह्यला.

"खाय ना. कांदा राह्यला, आनतो," म्हनून काका उठले, अन् आत जाताना सोताच्या चपला घमेल्यात बुडवल्या.