कुमुदताईंची बसायची जागा

दोन मॉनिटर स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांच्यातली तिन्ही अंतरं सारखी पडली, की जिचं गाणं लागलंय ती व्यक्ती स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसते. दिसते आणि बोलते मात्र फक्त तिसऱ्या कोपऱ्यातल्या खुर्चीवाल्याशी. बाकीच्यांना गाणं ऐकू येतं आणि भिंत दिसते. माणूस हयात आहे की नाही, याची चौकशी हा नियम करत नाही. आवाज नोंदलेला असला की पुरे.

मिरजेच्या दस्तगीर मुल्लांनी या नियमावर सव्वीस वर्षं स्टुडिओ चालवला. भजनी मंडळं, नाट्यगीतवाले, एकदा तर निवडणुकीचा एक उमेदवारही त्या जागेत बसून गेला. उमेदवार प्रचारगीत संपलं तरी उठता उठेना, शेवटी मेन स्विच बंद करावा लागला. एवढं सोडलं तर तक्रार म्हणून कधी आली नव्हती.

आता आली होती. कलावंत आसन मंडळाचं पत्र होतं. विषय : कै. श्रीमती कुमुद आष्टेकर यांच्या तिरप्या बैठकीबाबत. कुमुदताईंची गेल्या वर्षभरात निघालेली तिन्ही गाणी लावली असता त्या मधोमध न बसता डावीकडे बसतात, असं मंडळाच्या निदर्शनास आलं होतं. जयसिंगपूरच्या एका श्रोत्याच्या घरी तर त्या फ्रीजला टेकून गातात आणि दूध काढायला गेलेल्या घरच्यांना तो कडवं संपेपर्यंत थांबवून धरतो. आठ दिवसांत बैठक सरळ करावी, अन्यथा उरलेली आठ गाणी दुसऱ्या स्टुडिओकडे देण्यात येतील.

ही शेवटची ओळ दस्तगीरभाईंनी चारदा वाचली. कुमुदताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. जाण्याआधी त्यांनी अकरा गाण्यांचा नुसता आवाज नोंदवून ठेवला होता, त्यात वाद्यं बसवून पक्कं मिश्रण करायचं काम भाईंकडं होतं. ते एकेका गाण्याला चार-चार महिने लावत. लोकांना वाटे, काय चोख माणूस! चोखपणा वगैरे काही नव्हतं. गाणी संपली की ताईंना इथं यायचं कारण उरणार नव्हतं, म्हणून भाई रेंगाळत होते. त्यांना ती बाई सकाळी समोर बसलेली हवी होती. एवढंच.

मंगळवारी सकाळी दहाला त्यांनी गाठी मारलेली सुतळी काढली. एक टोक डाव्या स्पीकरला, एक उजव्याला, एक स्वतःच्या कपाळाला. तिन्ही बाजू सारख्या. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं, नाहीतर ढोलकी फुगते. खाली एकेक वीट सरकवून ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचे छोटे कर्णे, कानाच्या रेषेत आणले. या स्पीकरांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो, त्यामुळं मागची आवाजाची बटणं दोन्हीकडं सारखी आहेत ना, तेही वाकून पाहिलं. उठताना कंबर धरली. आताशा सगळ्याचाच कंटाळा येई.

गाणं लावलं. कुमुदताई आल्या आणि उजवीकडं बसल्या. चांगल्या वीतभर उजवीकडं.

दोन कडव्यांच्या मधल्या वाजंत्रीत बोलून घ्यायची त्यांची पद्धत होती. "दस्तगीर, परत तेच रे," त्या म्हणाल्या.

"ताई, सुतळीत फरक नाही."

"मग आता मला गाण्यातच डावीकडं ढकलशील. तुझ्यापुरती मी मध्ये आणि लोकांच्या घरी फ्रीजपाशी."

भाई वर्षभर नेमकं तेच करत होते, मिश्रणात ताईंचा आवाज डावीकडं सरकवून त्यांना आपल्यासमोर मधोमध आणत होते. त्यांनी सारिकाला हाक मारली. सारिका ढवळे बारा वर्षं स्टुडिओत रेकॉर्डिंग बघायची. स्पीकर तिनं पाचशे वेळा उचलले असतील, पण त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. ती भाईंची खुर्ची.

"भाई, अदलाबदल करून बघू की. डावा उजवीकडं," सारिका म्हणाली.

केली. कुमुदताई उजवीकडंच.

मग डाव्या स्पीकरचं मागचं बटण दोन घरं वाढवलं. यानं थोडा फरक पडला. ताईंचं धड मधोमध आलं, डोकं मात्र उजवीकडंच राहिलं. तशा अवस्थेत त्यांनी एक पूर्ण अंतरा गायला आणि मग मान चोळली.

"मेले रे," त्या म्हणाल्या. "खाली कर ते."

भाईंनी बटण जागेवर आणलं.

"आता खुर्ची फिरव. माझ्याकडं पाठ कर."

"कशाला?"

"फिरव म्हणते ना."

भाईंनी जिवावर आल्यासारखी खुर्ची फिरवली. समोर रेकॉर्डिंग रूमची काच होती. काचेत पाठीमागच्या कुमुदताई दिसत होत्या, आणि त्या आता दुसऱ्या स्पीकरकडं सरकल्या होत्या. म्हणजे पुन्हा भाईंच्या उजव्या हाताला. खोली कशीही फिरवा, त्या उजव्या हातालाच बसणार होत्या.

"जाड सूर पोचतात तुझ्या डाव्या कानाला," त्या काचेतून म्हणाल्या. "बारीक नाही पोचत. कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले."

"आणि बोलला नाहीस."

"बोललो तर उठावं लागेल, ताई. उठलो तर तुम्ही दिसायच्या नाहीत."

तेवढ्यात वाजंत्री संपली. कुमुदताईंचं कडवं आलं होतं. भाईंनी ते काचेत बघत शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी येऊ दिलं. सारिका पत्राखालचा शिक्का वाचत उभी राहिली.

गाणं संपलं तेव्हा भाईंनी खुर्ची सरळ केली आणि उठले.

"बस," ते म्हणाले.

"मी?"

"कान दाखव आधी. दोन्ही चालतात?"

"चालतात की."

"मग बस. पाठ टेकू नकोस, डोकं मागं जातं." त्यांनी सुतळी तिच्या कपाळाला लावून तिन्ही बाजू पुन्हा मोजल्या. सारिका त्यांच्यापेक्षा बुटकी, म्हणून खालच्या विटा काढल्या. मग गाणं पहिल्यापासून लावलं आणि स्वतः दारापाशी जाऊन उभे राहिले.

तिथून त्यांना दोन काळी खोकी दिसत होती आणि मध्ये पोपडे आलेली भिंत.

"आल्या?"

"आल्या." सारिकानं नकळत पदर सारखा केला. "मधोमध बसल्यात, भाई. एकदम सरळ."

"मान?"

"दुखायची राहिली म्हणतात."

भाईंनी मान हलवली. पत्राला उत्तर लिहायचं होतं, बैठक दुरुस्त केली आहे, कळावे. कागद हातात होता, पेन कुठं ठेवलंय ते आठवेना. ते पुन्हा भिंतीकडं बघत राहिले.

पहिलं कडवं संपून वाजंत्री सुरू झाली. सारिका पुढं झुकून काहीतरी ऐकत होती.

"भाई," ती म्हणाली, "त्यांना इथून मी एकटीच दिसते. त्या विचारतायत, दस्तगीर खोलीत आहे का."

भाईंनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"आहे म्हणून सांग," ते म्हणाले.

सारिकानं भिंतीला सांगितलं, "आहेत, ताई. दारापाशी उभे आहेत."

आणि दुसरं कडवं सुरू झालं.