बुटोचं माप

"सर, पाय खाली ठेवा, मले सतरंजी टाकाची हाय."

केंद्राची मदतनीस धम्मशीला इंगळे हे तिसऱ्यांदा म्हणाली. चंद्रशेखर सरांचा उजवा पाय जमिनीपासून चार बोटं वर होता आणि गेली अकरा मिनिटं तिथेच होता. तोंड वाकडं, डोळे अर्धवट मिटलेले, हाताची बोटं वाळलेल्या शेंगांसारखी आखडलेली. पहिल्या दिवशी हे दृश्य पाहून धम्मशीलाने त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं होतं. आता तिला सवय झाली होती.

"मी बीज आहे," सर ओठ न हलवता म्हणाले. "बीजाला घाई करू नये."

"बीजाले नाही म्हनत मी. पायाले म्हनतो."

सोनाळ्यात कापसाचं जुनं गोदाम भाड्याने घेऊन पुण्याच्या सृजनस्पंद प्रतिष्ठानाने हे केंद्र काढलं, त्याला तीन वर्षं झाली. ग्रामीण माणसाची सृजनशीलता झोपली आहे, असं प्रतिष्ठानाचं मत होतं, आणि तिला उठवण्यासाठी दरवर्षी नवा उपाय निघत असे. पहिल्या वर्षी मौन झालं. त्याला कोणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी कागदाच्या घड्या झाल्या. त्याला लोक आले आणि उरलेला कागद घेऊन गेले. यंदा बुटो होतं. महायुद्धानंतरच्या जपानमध्ये जन्मलेला हा नृत्यप्रकार. अंगाला पांढरा रंग फासायचा, चेहरा वेडावाकडा करायचा आणि मुंगीलाही कंटाळा येईल इतक्या सावकाश हलायचं. जपानी कलावंत त्यात आयुष्य घालवतात. चंद्रशेखरने पुण्यात तीन दिवस घालवले होते आणि परत येताना प्रमाणपत्र आणलं होतं.

चंद्रशेखर मूळचा लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा. पुण्यात एक वर्ष काढल्यावर तो गावाची बोली विसरला आणि कोणी गाव विचारलं तर "संभाजीनगरच्या बाजूला" असं सांगू लागला. सोनाळ्याची नेमणूक ही त्याला शिक्षा वाटत होती. ती संपण्याची एकच वाट होती. मुख्यालयात देहकला समन्वयकाची जागा निघाली होती आणि ती कोणाला द्यायची हे पुण्यात बुटो शिकवणाऱ्या, प्रतिष्ठानाच्या मनालीताई ठरवणार होत्या. त्या गुरुवारी येणार होत्या. साठ सहभागी दिसले तर पुणे, नाही तर सोनाळा, असा सरळ हिशेब होता. दोन महिन्यांत शिबिराला एकूण तिघं आले होते. त्यातला एक मोबाइल चार्ज करायला आला होता.

म्हणून मंगळवारी अन्वरला बोलावणं गेलं. अन्वरच्या ऑटोवर भोंगा होता. लग्न, मयत, कीटकनाशकाची जाहिरात, सगळं तो एकाच उत्साहाने पुकारत असे. चंद्रशेखरने स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर त्याच्यापुढे धरला.

"सर, हे बुटो म्हंजे काय असते?" अन्वरने विचारलं.

चंद्रशेखरने डोळे मिटले. "ते शब्दांत सांगता येत नाही, अन्वरभाई. ते पायांनाच कळतं."

"पायाले. बराबर."

"आणि प्रत्येकाचं बुटो वेगळं असतं. ज्याच्या त्याच्या मापाचं. एकाचं दुसऱ्याला होत नाही."

"ते बी बराबर. लहान्या पोराइचं?"

"लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांचं. आणि मोफत."

अन्वरने कागद पुन्हा वाचला. शेवटची ओळ होती, 'येताना अनवाणी यावे.' त्याच्या मनात जी थोडी शंका होती ती तिथे फिटली. एवढा शिकलेला माणूस, पण टिंब द्यायला विसरला, असं म्हणत त्याने खिशातला पेन काढला आणि 'बुटो'वर अनुस्वार दिला.

दोन दिवस भोंगा सोनाळ्यापासून टुनकीपर्यंत फिरला. "सुनो भाइयों और बहनों! ऐका हो! गुरुवारी सकाळी नऊ वाजता सृजन केंद्रात बुटों का शिबिर! ज्याच्या त्याच्या मापाचं! लहान्यापासून बुढ्यापर्यंत, बिलकुल मोफत! येताना अनवाणी या!"

चंद्रशेखरने ते गोदामाच्या आतून ऐकलं आणि खूश झाला. अनुस्वार त्याच्या कानापर्यंत पोचला नाही.

गुरुवारी नऊला पाच कमी असताना केंद्राच्या दारात दोनशे सदतीस माणसं उभी होती. हा आकडा धम्मशीलाचा आहे, हजेरी तिच्याकडे असे. सगळी अनवाणी होती. काही आयांनी तीन-तीन पोरं आणली होती आणि एकाने घरी राहिलेल्या बापाच्या पायाचा आकार वहीच्या पुठ्ठ्यावर काढून आणला होता.

"पाहिलंस?" चंद्रशेखर धम्मशीलाला म्हणाला. "तहान होती लोकांना. कोणी ओळखली नव्हती."

"सर, हे लोक बुटासाठी आले हायत."

"बुटोसाठी."

"बुटासाठी."

"उच्चार महत्त्वाचा आहे, धम्मशीला. बु-टो."

"बू-ट," धम्मशीला म्हणाली. "पायात घालाचा. नाडीवाला."

चंद्रशेखरने तिच्या अज्ञानाला क्षमा केली आणि ओट्यावर चढून बोलायला सुरुवात केली. "मित्रांनो, आज आपण देहाचं ओझं उंबऱ्याबाहेर ठेवून..."

"भाषन मंग करा ना सर," पुढे उभा असलेला दयाराम म्हणाला. "पयले वाटप होऊ द्या. मले तुरीत जाचं हाय."

"कसलं वाटप?"

उत्तर रुख्मिणीबाईंनी दिलं. सत्तरीच्या रुख्मिणीबाई रांगेत पहिल्या होत्या, कारण त्या सहा वाजताच येऊन बसल्या होत्या. त्यांनी लुगडं सावरलं, प्रमाणपत्र ठेवलेल्या टेबलावर डावा पाय ठेवला आणि म्हणाल्या, "घे बाप्पा माप. या पायाले कुरूप हाय, जरासा ढिला देजो."

चंद्रशेखरने त्या पायाकडे पाहिलं. मग रांगेकडे, मग पुठ्ठ्यावरच्या बापाकडे. समजायला त्याला बराच वेळ लागला, पण समजलं ते पूर्ण समजलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मनालीताईंचा होता. सकाळी मलकापूरला गाडीतून उतरून त्यांनी जीप केली होती आणि आता वरवट बकाल मागे टाकलं होतं.

"आता काय करू वो माय!" चंद्रशेखर धम्मशीलाला म्हणाला. सुलतानपूर सुटल्यापासून ही बोली त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आली.

"खरं सांगून टाका."

"सगळे निघून जातील!"

"असे नाही जानार. आंधी तुमाले झोडपतीन, मंग जातीन."

"धम्मशीला, माझ्या पुण्याचा प्रश्न आहे गं."

धम्मशीलाने थोडा विचार केला. "मी खोटं बोलनार नाही. पन माप घ्याले काही बूट लागत नाहीत. ते पांढऱ्या भुकटीचं पोतं पडलंच हाय कोपऱ्यात."

अंगाला फासण्यासाठी शंखजिऱ्याची भुकटी मलकापूरहून मागवली होती. दोन महिन्यांत ती फक्त चंद्रशेखरच्याच अंगाला लागली होती. आता ती दाराशी परातीत ओतली गेली आणि गोदामाच्या दुसऱ्या टोकाला काळे कागद अंथरले. चंद्रशेखर पुन्हा ओट्यावर चढला. या वेळी त्याचं भाषण छोटं होतं. आधी माप. परातीत पाय बुडवायचा, त्या टोकापर्यंत चालायचं, कागदावर ठसा उमटवायचा. वाटेत भुकटी सांडली की ठसा बारका येणार, आणि ठसा बारका आला की माप बारकं.

बारकं माप कोणालाच नको होतं.

मनालीताई आल्या तेव्हा दहाला वीस कमी होते. त्यांनी दारात चप्पल काढली आणि तिथेच थबकल्या. समोर शंभर फुटांच्या गोदामात माणसं चालत होती. एक पाऊल उचललं जाई, हवेत थरथरत थांबे आणि अंड्यावर ठेवावं तसं खाली येई. सगळ्यांच्या नजरा स्वतःच्या पायांवर होत्या. पत्र्याच्या उकाड्याने चेहरे पिळवटले होते, तोल सावरताना हात आखडले होते. पोरांचे श्वास कोंडले होते. कोणी कोणाला ढकलत नव्हतं, कारण ढकलण्यात दोघांचीही भुकटी सांडत होती.

"देवा," मनालीताई हळूच म्हणाल्या. "मी जपानमध्ये दोन महिने होते. असं पाऊल तिथे पाहिलं नाही. काय सांगितलंत यांना?"

"पायाकडे लक्ष द्या, एवढंच," चंद्रशेखर म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे एकमेव खरं वाक्य होतं.

मनालीताईंनी वही काढली आणि दयारामला गाठलं. "दादा, इथे येऊन काय मिळालं तुम्हाला?"

"अजून तं काहीच नाही."

"काहीच नाही!" त्यांनी ते अधोरेखित केलं. "आणि रोजच्या जगण्यात काय बदलेल?"

"खुटं नाही रुतनार. तुरी कापल्या का खुटं लय रुततेत पायात."

'खुंटलेपणाची वेदना संपते,' मनालीताईंनी लिहिलं. दयारामने वहीत डोकावून पाहिलं. "माहं नाव लिहिलं का, मॅडम? मले गमबूट पाह्यजेत." चंद्रशेखर मध्येच मोठ्याने खोकला.

रुख्मिणीबाईंना कागदाजवळ पोचायला पंचवीस मिनिटं लागली. डावा पाय टेकवताना त्या कळवळल्या. मनालीताई धावत गेल्या. "आजी, काय होतंय?"

"कुरूप हाय वो बाई. पन हायच तं हाय. त्याले घेऊनच चालाव लागते ना."

मनालीताईंचे डोळे भरले. कुरूपाला सोबत घेऊन चालणं, हेच तर बुटोचं सार. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांनी ते अडीच दिवस समजावलं होतं आणि कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. धम्मशीला त्यांना सांगणार होती की आजी पायातल्या घट्ट्याबद्दल बोलताहेत. पण मनालीताईंनी तोवर दोन पानं भरली होती, आणि भरलेल्या पानांशी वाद घालू नये हे ती या केंद्रात शिकली होती.

साडेअकराला मनालीताईंनी चंद्रशेखरला दाराशी बोलावलं. गोदाम एकदम शांत झालं, कारण बाई आता बुटांचं सांगणार अशी सगळ्यांची समजूत होती.

"चंद्रशेखर, मी साठ माणसांची अट घातली होती. तुम्ही मला अख्खं गाव दाखवलंत."

"ताई, तुमचाच आशीर्वाद. मग त्या पुण्याच्या जागेचं..."

"पुणे?" मनालीताई दुखावल्या. "पुण्यात सगळे बुटो करतात. इथे लोक ते जगतात. तुम्हाला या मातीतून उपटलं तर मला पाप लागेल. मी आजच प्रतिष्ठानाला कळवते. तुम्ही इथेच. पुढची पाच वर्षं, इथेच."

"पाच?"

"किमान," असं म्हणून त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, जीपमध्ये बसल्या आणि गेल्या.

चंद्रशेखर दारात उभा राहिला. मागे वळण्याचं धाडस त्याला होत नव्हतं. दोनशे सदतीस माणसं, सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत पांढरे, त्याच्या पाठीकडे पाहत होती. दयारामने बाह्या वर सारल्या.

"काय म्हनत होती वो ते बाई?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"सर पाच वर्सं अठीच राह्यतेत म्हने, मावशी," धम्मशीलाने सांगितलं. "कुठी जात नाहीत."

रुख्मिणीबाईंनी चंद्रशेखरला वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं आणि दयारामला हाताने मागे सारलं.

"मंग काऊन घाई करता बे?" त्या म्हणाल्या. "रोज येऊन इचारत जाऊ."